वटवाघळं, नकाशा आणि सेनोचा होकार

बानारानच्या बाजारात दुमा बसमधून उतरली तेव्हा तिच्या एका खांद्यावर लॅपटॉप होता, दुसऱ्या खांद्यावर गिटार होती आणि डोक्यात प्रचंड घाई होती. प्राणिरोग संशोधन केंद्र कुठे आहे हे फोनमधल्या नकाशाला ठाऊक नव्हतं. मग तिने समोर दिसलेल्या पहिल्याच माणसाला गाठलं. तो कडेला मोटारसायकल लावून, तळलेल्या तेंपेचा, म्हणजे सोयाबीनच्या वड्यांचा, पुडा हातात धरून खात उभा होता.

“संशोधन केंद्र इकडेच ना?” उजवीकडच्या चढाकडे बोट करत तिने विचारलं. विचारलं कसलं, जवळजवळ जाहीरच केलं.

तो दचकला. तोंडातला घास कसाबसा गिळला, आणि मग हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडत होती.

“हो,” तो म्हणाला.

दुमा चढ चढू लागली. कोबीचे मळे लागले. गाजराचे मळे लागले. मग रस्ताच संपला आणि समोर एक गाय उभी राहिली, तीही जरा आश्चर्यानेच. तेवढ्यात मागून मोटारसायकल आली. तोच माणूस, तोच पुडा. कान मात्र लालबुंद झालेले.

“म्बाक… केंद्र ना… ते त्या बाजूला आहे,” तरुण बाईला जावात आदराने म्हणतात ते ‘म्बाक’ लावून त्याने आल्या वाटेकडे हात केला.

“म्हणजे इकडे नाही?”

“त्या बाजूला… जास्त आहे.”

“जास्त आहे? अहो, केंद्र आहे की ऊन? मग तुम्ही हो कशाला म्हणालात?”

“तुम्ही इतक्या खात्रीने विचारलंत… तुमचं मन मोडायचं अगदी जिवावर आलं.”

“बाह!” दुमा ओरडली. गायही दोन पावलं मागे सरली.

दुमा नायंगोलान ही सुमात्रातल्या तोबा सरोवराकाठच्या बालिगेची, बाताक जमातीच्या घरातली. त्यांच्याकडे जेवताना मीठ मागितलं तरी शेजारच्यांना भांडण लागल्यासारखं वाटतं. लाडसुद्धा वरच्या पट्टीत. आणि आली कुठे, तर मध्य जावात! जिथे घराला आग लागली तरी शेजाऱ्याला आधी विचारतील, ‘जेवण झालं का?’ आता यात गोंधळ होणार नाही तर काय होणार?

“बसा ना मागे,” तो म्हणाला. “मीही तिथेच चाललोय. तिथेच काम करतो.”

“तिथेच काम करता, आणि तरी…”

“हे घ्या,” त्याने घाईघाईने पुडा पुढे केला. “जरा गार झालंय. मिरची मात्र चांगली आहे.”

दुमाला रागवायचं होतं. अगदी मनापासून रागवायचं होतं. पण तोंडात तेंपे होतं, मिरची खरंच चांगली होती, आणि गिटार सांभाळायला एक हात त्याच्या खांद्यावर ठेवावा लागला होता. तेव्हा तिने राग पुढे ढकलला. तो राहूनच गेला.

त्याचं नाव सेनो. प्राण्यांचा डॉक्टर, पण गाईगुरांचा नव्हे. गुहांमध्ये, बागांमध्ये, भाताच्या कोठारांमध्ये जाळी लावायची, वटवाघळं आणि उंदीर पकडायचे, रक्ताचा थेंब घ्यायचा आणि जीव सोडून द्यायचा, हे त्याचं काम. मग तो थेंब तपासून कळायचं की कुठल्या गावच्या कुठल्या प्राण्याच्या अंगात कुठला विषाणू वस्ती करून आहे. अशी कित्येक वर्षांची माहिती केंद्रात साठली होती. पण कशी? जाड जाड अहवालांत. अहवालांच्या पानांचे फोटो काढून ठेवलेले, त्यामुळे त्यात शोधायची सोय नाही. एकाच वटवाघळाचं एका पानावर एक नाव, दुसऱ्यावर दुसरं, तिसऱ्यावर गावकऱ्यांनी ठेवलेलं लाडकं.

या सगळ्यातून सुटसुटीत काहीतरी उभं करायला दुमाला जकार्ताहून पाठवलं होतं. आडगावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने गावाचं नाव टाकायचं, की समोर आलं पाहिजे: इथे कुठले प्राणी, त्यांच्यात कुठले विषाणू, कुठल्या तापाचा संशय धरायचा.

“कपाटातली माहिती कुणाची, सांग बघू?” दुमाने त्याला पहिल्याच आठवड्यात विचारलं. तोवर ती ‘तू’वर आली होती. तो अजून ‘तुम्ही’वरच होता.

“केंद्राची?”

“कपाटाची!”

तो हसला. आणि मग तिने, का कोण जाणे, त्याला मामाची गोष्ट सांगितली. बाताक घरात मामा म्हणजे देवाच्या खालोखाल. तिचा हा मामा भाताच्या कोठारावर कामाला होता. ताप आला, लघवी बंद झाली. गावचा डॉक्टर बिचारा टायफॉइडची औषधं देत राहिला. मामा गेल्यावर खूप दिवसांनी दुमाला कळलं, की त्याच तालुक्यातले उंदीर पूर्वी कुणीतरी तपासले होते. त्यांच्यात मूत्रपिंडावर बसणारा विषाणू सापडला होता. तसं छापलंही होतं. आणि तो छापलेला कागद एका कपाटात होता.

सेनोच्या तोंडून ‘अरेरे’ नाही, ‘वाईट झालं’ नाही. दुमाला वाटलं, दगड आहे की काय हा! दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिच्या टेबलावर अहवालांचा ढीग लावून ठेवलेला होता. सगळे उंदरांचे, गाववार लावलेले.

“वटवाघळं नंतर बघू,” तो खाली बघत म्हणाला. “आधी उंदीर करू या… तुमचं हो असेल तर.”

दुमाने सगळ्यात वरचा अहवाल ओढला. पहिलं पान उघडलं.

मग ते दोघं रोज शेजारी बसू लागले. तो जुनी नावं वाचायचा, ती नव्या नावांशी जोडायची. मेर्बाबू डोंगरावरून धुकं उतरायचं आणि खिडकीच्या काचेवर बसायचं. त्याच्या बाहीला ओल्या जाळ्याचा वास यायचा. आश्चर्य म्हणजे तिला तो आवडू लागला होता.

“हे कसलं नाक?” वटवाघळाच्या एका फोटोवर बोट ठेवून ती म्हणाली. “कुणी घोड्याचा नाल मारून गेलंय का याच्या तोंडावर?”

“ते नाकातून ओरडतं.”

“म्हणजे आमच्या आत्यासारखं.”

“आत्या दिसायलाही…?” त्याने विचारलं, आणि मग स्वतःच्याच धिटाईने घाबरून पाण्याचा पेला शोधू लागला.

“सेनो! तू चेष्टा केलीस? माझी?”

“हो,” तो पेल्यात बघत म्हणाला. “चुकून झाली.”

नकाशा तयार झाला तो दिवस दुमा कधी विसरणार नाही. पडद्यावर अख्खं मध्य जावा पसरलं होतं आणि गावागावांवर ठिपके उमटले होते. हिरवे, पिवळे, लाल. ठिपक्यावर बोट ठेवलं की गावाचं नाव, प्राणी, विषाणू, सगळं उलगडायचं. बाहेर व्हरांड्यात पाऊस भुरभुरत होता. ती लॅपटॉप मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

“बघ! कुणालाही उघडता येईल. शाळेतल्या पोरालासुद्धा. गावागावावर ठिपका. ठेवू ना असाच?”

सेनो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. त्याने शर्टाची कॉलर सारखी केली. मग पुन्हा सारखी केली.

“हो…” तो म्हणाला. “दिसतंय छान.”

दुमाचा आनंद गगनात मावेना. आणि आनंदात ती नेहमीच जरा जास्त धीट व्हायची. “अजून एक विचारू?”

“हो.”

“मी तुला आवडते का?”

पाऊस थांबला की काय, असं तिला वाटलं. थांबला नव्हता. सेनोचे कान मात्र आधी गुलाबी झाले, मग लाल झाले, मग दिसेनासे होतील असं वाटलं. त्याने हाताने पायरीवरचा चिखलाचा एक ठिपका पुसला. तो आणखी पसरला.

“हो,” तो म्हणाला.

बस्स! त्या दिवशी दुमाचे पाय जमिनीला लागेनात. तिने खोलीवर जाऊन आईला फोन केला आणि काहीही न सांगता नुसती हसत राहिली. आईने विचारलं, “ताप आहे का गं?”

आणि दुसऱ्या दिवशी ती केंद्राच्या उपाहारगृहात गेली. उपाहारगृह चालवायच्या बु यातमी, म्हणजे यातमीबाई. गोल चेहऱ्याच्या, हसऱ्या. केंद्रातली एकही गोष्ट त्यांच्या रश्श्याच्या वाफेतून न जाता पुढे जात नसे. दुमाच्या पोटात गोष्ट राहीना. तिने सांगून टाकलं.

“सेनो हो म्हणाला?” बु यातमींनी पळी खाली ठेवली. चेहऱ्यावर कौतुक नव्हतं. काळजी होती. “पोरी… सेनो नाही कुणाला म्हणतो?”

“म्हणजे?”

“विमावाला आला, विमा घेतला. दुसरा विमावाला आला, त्याचाही घेतला. शेजारीण म्हणाली, मांजराची पिल्लं घेतोस का? सगळी घेतली. केंद्राच्या फुटबॉल संघात गोलरक्षक आहे तो. चेंडू आला की डोळे मिटतो! पण ‘खेळशील का’ विचारल्यावर काय करणार? भिडस्त माणूस.”

दुमाच्या हातातला चमचा वाटीतच राहिला.

“तेही जाऊ दे,” बु यातमी आवाज खाली आणून म्हणाल्या. “मागे एका मुलीच्या आईने विचारलं, आमची मुलगी कशी वाटते? म्हणाला, हो, छान. ते लोक बिचारे कित्येक महिने मागणीची वाट बघत बसले. शेवटी मुलीने दुसऱ्याशी लग्न केलं. आणि त्या लग्नात पंगतीला भात कोण वाढत होतं? सेनो! वाढशील का म्हणून कुणीतरी विचारलं होतं त्याला.”

झालं. कालचं विमान आज कोसळलं.

आता दुमाला एकच गोष्ट हवी होती. खरं काय ते कळायला हवं होतं. त्याचा होकार खरा, की विमावाल्याच्या रांगेतला? पण विचारणार कसं? विचारलं की तो हो म्हणणार! मग ती कसोटी घेऊ लागली. गावाकडची मासळी रांधली, जीभ बधिर करणारे बाताकी मिरे मूठभर घालून. “आवडलं?” डोळ्यांतून घळाघळा पाणी काढत सेनो म्हणाला, “हो.” रविवारी चर्चमध्ये गायला येशील का? हो. बेसूर गायला आणि शेवटपर्यंत गायला. गिटार शिकशील? हो. बोटं सोलपटून आला.

अधूनमधून मात्र तो न विचारता काहीतरी करायचा. सालाक नावाच्या फळाची खवलेदार साल तिला काढता यायची नाही, तर सोललेल्या फोडी गुपचूप तिच्या बशीत येऊन पडायच्या. हे तर तिने मागितलं नव्हतं! दुमाचा जीव भांड्यात पडायचा. आणि मग आठवायचं, अरे, हा तर मांजराच्या पिल्लांनाही मासा निवडून देतो… की पुन्हा गोंधळ. आमच्या बालिगेत लोक घसा फुटेपर्यंत भांडतात, तिला वाटायचं, पण माणूस कुठे उभा आहे ते तरी कळतं. इथे सगळं धुक्यात. डोंगर धुक्यात, माणूस धुक्यात, आणि मी वेडी चष्मा पुसत बसले आहे.

अशातच वातुसारीला जायचं ठरलं. दक्षिणेच्या चुनखडीच्या टेकड्यांतलं हे गाव, सेनोच्या कामातलं सगळ्यात जुनं. इथल्या गुहेत वटवाघळांची मोठी वस्ती. काही वटवाघळांत एक विषाणू सापडलेला, पण गावात त्याने कधी कुणी आजारी पडलेलं नव्हतं. गावचा धंदा नारळाच्या नीरेचा. पहाटे झाडावर चढून मडकी उतरवायची आणि दिवसभर मोठ्या कढईत गूळ आटवायचा. सेनो दिसताच माणसं कढया सोडून धावली. कुणी त्याचा हात हातात घेतला, कुणी त्याच्या आईची चौकशी केली. त्याच लोकांनी तर त्याला पहिल्यांदा कंदील धरून गुहेत नेलं होतं.

दुमाने ओट्यावर लॅपटॉप उघडला. “हे बघा तुमचं गाव! हा लाल ठिपका!”

माणसं वाकली. गूळ आटवणाऱ्या बु सारिनेम पदराला हात पुसत पुढे आल्या. “हे… शहरातल्या लोकांनाही दिसणार?”

“शहरातल्या? अहो, सगळ्या जगाला दिसणार!”

माणसांनी एकमेकांकडे बघितलं. कढईतला गूळ तेवढा फदफदत होता. मग गावप्रमुख म्हणाले, “छान.” बु सारिनेम म्हणाल्या, “छान, छान.” सगळे हसले. चहा आला. उकडलेला साबुकंद आला. दुमा खूश. सेनोने मात्र चहा तोंडाला लावलाच नाही.

परतताना जीपमध्ये तो गप्प होता. नेहमी गप्पच असायचा, पण हे गप्प वेगळं होतं.

“सगळं ठीक आहे ना?” दुमाने विचारलं.

“हो.”

“माझं काही चुकलं?”

काचेवर पाऊस आला. वायपर इकडून तिकडे गेला, तिकडून इकडे आला.

“बोल ना सेनो! ओरड! पण बोल काहीतरी!” इतक्या दिवसांचं साठलेलं एकदम वर आलं. “मी तुला विचारलं होतं, मी आवडते का. तू हो म्हणालास. तो कुठला हो होता? विमावाल्याला म्हणतोस तो?”

त्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं. त्याचे ओठ हलले. “म्बाक दुमा… मी…” आणि पुढे काही येईचना. समोर रस्त्यावर बदकांचा कळप आला म्हणून त्याला ब्रेक मारावा लागला, आणि मग तेवढंही राहिलं.

दुमाचा आवाज आता उतरला होता. “जकार्ताहून विचारलंय. काम संपलं की परत ये, नाहीतर बानारानलाच कायमची राहा. मी राहते म्हणणार होते. का, ते तुला सांगायला नको. आता विचार बदललाय.” तिने बाहेर बघत विचारलं, “मी गेले तर चालेल ना तुला?”

बदकं रस्ता ओलांडून गेली तरी जीप हलली नाही.

“हो,” तो म्हणाला. अगदी हळू. “तुम्हाला बरं वाटत असेल तर… हो.”

बालिगेच्या मुली दुसऱ्यासमोर रडत नाहीत. दुमा बानारान येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

नकाशा जगाला दाखवायचा त्याआधीची शेवटची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी भरली. मंत्रालयातले पाहुणे आले होते. केंद्राचे संचालक डॉ. हार्योनो नवा बातिकचा शर्ट घालून आले होते. दुमाने सगळं दाखवलं. टाळ्या पडल्या. सेनो शेवटच्या रांगेत बसला होता. तिने ठरवून तिकडे बघितलं नाही.

“तर मग,” डॉ. हार्योनो समाधानाने म्हणाले, “सगळ्यांची संमती आहे ना?”

हा प्रश्न बानारानमध्ये दर बैठकीला विचारला जाई, आणि दर बैठकीला सगळे मान डोलवत. लोकांनी कागद आवरायला घेतलेसुद्धा.

“नाही.”

माना वळल्या. सेनो उभा होता. पुढच्या खुर्चीची पाठ त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, आणि त्या खुर्चीवर बसलेले गृहस्थ त्याच्याबरोबर थरथरत होते.

“गावागावावर ठिपका नको,” तो म्हणाला. आवाज चिरकला, पण थांबला नाही. “वातुसारीचे लोक छान म्हणाले, कारण म्बाक दुमा पाहुण्या होत्या. लाल ठिपका बघून त्यांचा गूळ कोण घेईल? कुणीच नाही. मग वैतागून कुणीतरी गुहेत धूर करील. वटवाघळं उडतील आणि शेजारच्या गावांत, घरांच्या माळ्यांवर जाऊन बसतील. ज्या तापाला आपण भितो तो मग खरंच येईल. आणि लोक म्हणतील, नकाशाने आणला.”

दुमा ताडकन उठली. “आणि आजारी माणसाने काय करायचं? माझा मामा गेला तो माहिती लपून होती म्हणून! पुन्हा कपाटात घालायची का?”

“नाही,” सेनो तिच्याकडे बघत म्हणाला. आता सरळ तिच्याकडेच. “डॉक्टरला गाव दिसू दे. त्याने आपली ओळख देऊन आत यावं आणि सगळं बघावं. बाकी जगाला तालुका पुरे. तुमच्या मामांना डॉक्टरने वाचवलं असतं, जगाने नाही.”

“हे तुला मला आधी सांगता आलं नाही?”

त्याने मान खाली घातली. “नाही.”

सेनोच्या तोंडून आजवर एकही नाही न ऐकलेल्या माणसांनी लागोपाठ इतके ऐकले होते. शेवटी डॉ. हार्योनोंनी घसा साफ केला, पाहुण्यांची माफी मागितली आणि नकाशा बदलून मग दाखवू असं ठरवून बैठक आटोपली.

दुमा तरातरा उपाहारगृहात जाऊन बसली. गाल तापले होते. सगळ्यांसमोर! पाहुण्यांसमोर! आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याचं बरोबर होतं. ते ‘छान, छान’ आता तिला पुन्हा ऐकू येत होतं, आणि त्यामागची ती कढईची फदफद.

“सेनो नाही म्हणाला?” बु यातमी पळीसकट बाहेर आल्या. “आपला सेनो? तुला?”

“तीनदा! की चारदा… मी काय मोजत बसले होते?”

“अगं बाई!” त्या समोरच्या बाकावर बसल्याच. “असा तो फक्त धाकट्या बहिणीशी भांडतो. घरी जाऊन बघ कधी. तिची एक गोष्ट ऐकत नाही. आईशीही हुज्जत घालतो, भात मऊ झाला म्हणून! पण घराबाहेर… मी तर नाही ऐकलं बाई कधी.”

दुमा त्यांच्याकडे बघत राहिली. रागवावं की हसावं, तिला कळेना. इतका गोंधळ तिच्या डोक्यात त्या गाईसमोरही झाला नव्हता. मग ती उठली, वाटीतला रस्सा तसाच ठेवून.

सेनो मागच्या अंगणात होता. दोन खांबांना बांधून जाळं वाळत घातलं होतं आणि त्यात अडकलेली पानं, काटक्या तो एकेक करून सोडवत होता. केसासारखं बारीक जाळं. जोर लावला की फाटतं. दुमा दुसऱ्या टोकाला उभी राहिली आणि तिनेही एक पान सोडवायला घेतलं. बराच वेळ दोघं मध्ये जाळं ठेवून काम करत राहिले.

“कुठल्या गावाचं किती दाखवायचं, ते तू मला सांगायचंस,” ती म्हणाली. “मला एकटीला कळणार नाही.”

“हो.”

“हा कुठला हो?”

“कामाचा.” त्याची खळी दिसली आणि गेली.

“सगळ्यांसमोर फजिती केलीस माझी.”

“हो. चुकलंच. काल संध्याकाळी तुमच्या दारापर्यंत आलो होतो. कडी वाजवायला हात उचलला… आणि परत गेलो.”

“मग आज कसं जमलं?”

“जमलं कुठे! ती खुर्ची हातातून सुटतच नव्हती.” त्याने एक काटकी सोडवली आणि ती हातातच फिरवत राहिला. “तुमच्या हातून चूक होत होती, आणि मी हसून बघत होतो. दुसऱ्या कुणाची असती ना… तर बघत राहिलो असतो. बघतच आलोय आजवर. तुमची बघवेना.”

दुमाच्या बोटांतलं पान निसटून खाली पडलं. आता विचारायचं होतं. पण ‘मी तुला आवडते का’ हे नव्हतं विचारायचं. त्या प्रश्नाला हो म्हणणं फार सोपं होतं. भीड ठेवणारा माणूस ज्याला हो म्हणेल, आणि खरं सांगणारा ज्याला हो म्हणूच शकणार नाही, असा एकच प्रश्न तिच्याकडे होता. आणि त्याचं उत्तर एकदा मिळालेलं होतं. तेच पुन्हा मिळालं तर?

“जकार्ताला आज कळवायचंय,” ती जाळ्याकडे बघत म्हणाली. “मी… गेले तर चालेल ना?”

डोंगरावरून धुक्याची एक पट्टी खाली आली आणि अंगणातून निघून गेली. सेनोने काटकी खाली टाकली.

“नाही,” तो म्हणाला.

दुमाने वर बघितलं.

“चालणार नाही! अजिबात चालणार नाही!” तो ओरडला. हो, ओरडला. व्हरांड्यातले दोन कारकून थबकले, उपाहारगृहाच्या खिडकीत बु यातमी दिसू लागल्या, आणि तरी तो थांबला नाही. “जाऊ नकोस दुमा! इथे राहा!”

आणि दुमा, जिने जन्मात काही हळू म्हटलं नव्हतं, ती जाळ्याच्या पलीकडून ओठांतल्या ओठांत पुटपुटली,

“हो.”